मोरेनिके बाईंची उलटी झाडं

मोरेनिके बाईंनी बाजारावर करणी केली, असं आमच्या इदोफे गावात महिनाभर बोललं जात होतं. आपल्या आईच्या तेलाच्या गाळ्यात, मागच्या भिंतीवर त्यांनी म्हणे कोळशानं तीन झाडं काढली. तीही उलटी, मुळं आभाळात आणि फांद्या जमिनीकडे. त्या दिवसापासून बायकांची सतराव्या दिवसाची बैठक आपल्या ठरल्या दिवसावरून हलली. मिरचीवाली इया अता तर शपथेवर सांगायची की तिसरं झाड बघता बघता तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

आता खरं काय ते सांगतो. झाडं होती. उलटी होती. कोळसा माझ्याच इस्त्रीतला होता. पण करणीबिरणी काही नव्हती, ती अवयवांची झाडं होती. वर सोळा लिहायचे, खाली दोन फांद्या काढून आठ आणि दोन लिहायचे, मग आठाला फांद्या, मग चाराला, असं करत सगळीकडे दोनच लोंबायला लागेपर्यंत जायचं. पाचवीतली पोरं वहीत रोज काढतात. इया अताला अंधारी आली कारण सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आणि 'करणी' हा शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाला, ते विचारू नका. मी शिंपी माणूस, मशीनवर बसून एखादी गंमत करतो. आमच्या गावात संध्याकाळी केलेली गंमत सकाळी खरी होऊन दारात येते, त्याला माझा इलाज नाही.

मोरेनिके बाई माझ्या शेजारच्या. आमच्या दोघांच्या ओसऱ्यांमध्ये एक गटार आणि एक पपईचं झाड. त्या इबादान शहरात एकतीस वर्षं गणित शिकवत होत्या, पाचवी आणि सहावीला, बहुतेक लसावि आणि मसाविच. निवृत्तीला तेवीस महिने उरले असताना गावी बदली मागून घेतली, कारण आई पडली. आईला सगळं गाव 'इया एपो' म्हणतं, तेलवाली आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी पाम तेलाचे दोन पिवळे कॅन मांडीशी घेऊन मोटरसायकलवर मागं बसली होती. वळणावर गाडी घसरली. तेल सांडलं नाही. मांडीचं हाड मोडलं.

बाई आल्या त्या दिवसापासून मी त्यांना बसलेलं पाहिलं नाही. पहाटे आईला उचलायचं, धुवायचं, मक्याची पेज पाजायची. सातला शाळा. दोनला सुटली की घर, मग आईचा गाळा, मग परत आई. स्वतःचं जेवण म्हणजे गारी, कसावाचा रवा, पाण्यात भिजवून उभ्यानंच. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा वेगळा नमस्कार असतो, कामाचा वेगळा, उन्हाचा वेगळा, सोसण्याचा वेगळा. बाईंना लोक दुसऱ्याच आठवड्यापासून सोसण्याचा नमस्कार घालायला लागले. त्या मान हलवायच्या. 'बरं आहे' म्हणायलासुद्धा जोर लागतो.

एकदा मी म्हटलं, "बाई, इबादानचं पाणी उतरलं हो चेहऱ्यावरचं."

"उतरू दे," त्या म्हणाल्या, "भरायला कुणाला वेळ आहे?"

आईचा संसार तीन ठिकाणी पसरलेला होता आणि तो सगळा बाईंच्या गळ्यात पडला. आमच्या गावचा पाचवा बाजार, तो दर पाचव्या दिवशी संध्याकाळी भरतो. ओकेआरो गावचा नववा बाजार, तिथून घाऊक तेल आणायचं. आणि तेलवाल्या बायकांच्या मंडळाची सतरावी बैठक. तिची प्रमुख इया एपो. ती अंथरुणाला खिळली तरी तिच्या स्टुलावर तिच्याच घरचं कुणीतरी बसलं पाहिजे, नाहीतर स्टूल दुसरीकडे जातं. एकेक गोष्ट शाळा सुटल्यावर निभायची. ओकेआरोला तीनला पोचलं तरी तेल मिळतं, पाचला परत येऊन गाळा उघडता येतो. पण बैठकही तीनलाच. ज्या दिवशी तिन्ही एकत्र, त्या दिवशी ओकेआरो सकाळीच उरकावं लागतं, म्हणजे शाळा बुडाली.

असा दिवस बाईंच्या वाट्याला पहिल्यांदा आला तो मंगळवार. शाळा बुडाली. बुधवारी मुख्याध्यापक ओगुनरिंदे सरांनी त्यांना समोर उभं केलं. सर माणूस वाईट नाही, पण त्यांना शिक्का फार प्रिय.

"बाई, बदली तुम्ही मागितली, मी दिली. अजून एकदा न सांगता वर्ग वाऱ्यावर राहिला तर मी वर लिहीन, आणि तुम्ही परत इबादानला. मग आईला कोण बघणार ते तुम्ही बघा."

"समजलं, सर."

"असा दिवस किती दिवसांनी येतो?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. ते विचार करायला की झोप म्हणून, ते सरांना कळलं नाही. "उद्या लेखी देते."

त्या संध्याकाळी त्या माझ्या ओसरीवर टेकल्या, कारण घरात आई हाका मारते. मी एका लग्नाचे चाळीस झगे एकाच कापडाचे शिवत होतो, मशीन थांबायचं नाव घेत नव्हतं. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: पाच, नऊ, सतरा.

"बघा, शिंपीदादा. पाच मूळ संख्या, तिला फांदी फुटत नाही. सतराही तशीच. नऊत तीन दोनदा. कुणाचं कुणाशी काही जुळत नाही. मसावि एक. म्हणजे सरळ गुणायचं."

त्यांनी गुणलं. सातशे पासष्ट आले. पेन खाली ठेवलं आणि कित्येक दिवसांनी त्यांचे खांदे कानांपासून जरा खाली उतरलेले मला दिसले.

"सातशे पासष्ट दिवस. दोन वर्षं आणि वर पस्तीस. तोवर मी निवृत्त असेन." आणि मग हळूच, "शनिवारी झोपेन. बाजार रविवारी आहे."

गुरुवारी त्यांनी कागद दिला. सरांनी गुणाकार स्वतः तपासला, सही केली, शिक्का मारला, दोनदा.

शनिवार उजाडला. शाळा नाही. बाई आईची पेज उरकून पडल्या होत्या, आणि आमच्या गल्लीतून बायका डोक्यावर टोपल्या घेऊन निघाल्या. एक गेली, चार गेल्या, मग रांगच लागली. आतून इया एपोचा आवाज आला. मांडी मोडली तरी तो आवाज शाबूत होता.

"मोरेनिके! कॅन बाहेर काढलेस का?"

"कशाला, आई? बाजार उद्या."

"उद्या तुझ्या बापानं भरवलाय का? बाजार आज."

"पाचवा बाजार ना? मंगळवारी झाला. बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि. झाले पाच."

"आणि मंगळवार कुठं गेला? मंगळवारी काय आपण हवेत बसलो होतो? मंगळ एक, बुध दोन, गुरू तीन, शुक्र चार, शनि पाच. अगं, पोरांना मोजायला शिकवतेस ना तू?"

मी मशीनचं चाक हातानं धरलं, काही ऐकायचं राहू नये म्हणून. आमच्याकडे ज्या दिवशी उभं राहून मोजता, तो दिवस आधी मोजायचा असतो. तुम्ही सोमवारी कुणाला 'आठ दिवसांनी या' म्हणता, तेव्हा तो बिचारा मंगळवारी येतो का? तसंच. पाचवा बाजार चार दिवसांनी येतो हे आमच्या गावच्या शेळीलाही ठाऊक. बाईंनाही लहानपणी ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं त्यांनी पाच म्हणजे पाच असं फळ्यावर लिहिलं, आणि दमलेल्या माणसाला सवयीचाच आधार असतो.

बाई बाहेर आल्या. केस मोकळे, कापड कसंबसं गुंडाळलेलं. एका उपड्या कॅनवर बसून त्या बोटं मोजायला लागल्या.

"म्हणजे नववा बाजार आठ दिवसांनी. सतरावी सोळा दिवसांनी."

"हो," मी म्हटलं.

"चार, आठ, सोळा. लसावि सोळा."

"बाई, सातशे पासष्टवरून एकदम सोळा! एवढा भाव तर टोमॅटोचाही पडत नाही."

त्या हसल्या नाहीत. "तुमच्यासमोर लिहिलं होतं मी. बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, शिकलेल्यांचा पाच आमच्या पाचाहून मोठा असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. रागावायला ताकद लागते. त्या उठल्या, दोन कॅन उचलले आणि टोपल्यांच्या रांगेत शेवटी जाऊन मिसळल्या. मंगळवारपासून सोळा दिवस म्हणजे पुढच्या पुढच्या आठवड्यातला गुरुवार. शाळेचा दिवस.

सोमवारी मी शाळेत गणवेशाची मापं घेत होतो. माप घ्यायला उजेड लागतो आणि चांगला उजेड सरांच्या खिडकीपाशीच असतो.

"कागद परत द्या, सर. चुकलाय," बाई म्हणत होत्या.

"चुकणार कसा? गुणाकार मी तपासलाय. शिक्का आहे."

"गुणाकार बरोबर आहे. आकडे चुकले. सर, तुमच्या आई कुठल्या बाजारात बसायच्या?"

"पाचव्या. चटया विकायची. मी तिथंच तर..." सर थांबले. टेबलाखाली त्यांची बोटं हलायला लागली, ती मला खिडकीतून नीट दिसत होती. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग परत. सरांचे कान लाल झाले.

"ते काही असो," ते म्हणाले. "गुरुवारी वर्ग वाऱ्यावर राहिला तर पत्र जाईल. दहा दिवस आहेत तुमच्याकडे."

त्या आठवड्यात बुधवारी ओकेआरो आणि गावचा बाजार एकाच दिवशी आले. बाई दोनला निघाल्या, पाचला आल्या, आठला गाळा बंद केला. गुरुवारी वर्गात भागाकार लिहिता लिहिता खडू फळ्यावर टेकूनच राहिला. वर्ग गप्प बसून होता. चाळीस पोरं, आणि एकाचीही चप्पल वाजली नाही. घंटा झाली तेव्हा बाईंनी डोळे उघडले आणि भागाकार पुढं चालू केला, मध्ये काही झालंच नव्हतं अशा रीतीनं. पोरांनी सांगितलं की बाकी शून्य आली.

घरी आल्या तेव्हा दुपार कलली होती. गटारापलीकडून म्हणाल्या, "शिंपीदादा, एक गोष्ट विचारायची आहे. सतराव्या दिवसाला आपल्याकडे जड दिवस का म्हणतात?"

"जड असतो म्हणून. त्या दिवशी सगळ्या बायका कंबर धरून घरी येतात. माझी आईसुद्धा यायची. पूर्वजांचा दिवस, म्हणतात."

बाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "रविवारी थोडा कोळसा द्याल?"

रविवार बाजाराचा. सामानाच्या हातगाडीत उशा टाकून इया एपोला बसवली आणि गाळ्यात आणली, महिन्यांनी पहिल्यांदाच. बघायला मंडळाच्या साऱ्या बायका जमल्या. म्हातारी हातगाडीत राणीसारखी बसून एकेकीचा नमस्कार घेत होती. तेवढ्यात बाईंनी कोळसा उचलला आणि भिंतीवर वर लिहिलं: चार, आठ, सोळा. मग खाली फांद्या.

"हे काय गं?" इया अता मागं सरकली. "उलटं झाड?"

"अवयवांचं झाड. चारात दोन दोनदा आहे. आठात तीनदा. सोळात चारदा. दुसरं कुणीच नाही, सगळीकडे दोनच."

"दोन कोण?" इया अतानं कुजबुजून विचारलं. मी तिला म्हटलं, "जास्त जवळ जाऊ नकोस." तिथून ती करणी सुरू झाली, कबूल.

बाई भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या, वर्गात बोलतात तशा, आवाज चढवल्याशिवाय. "तिघांत मिळून सामाईक दोन दोनदा, म्हणजे चार. हा मसावि. तिन्ही दिवस चाराच्याच पावलांनी चालतात. एकदा एका ठशात पाय पडला की त्याच ठशात पडत राहणार. गावचा बाजार प्रत्येक ठशावर, ओकेआरो एकाआड एक, बैठक चारातून एकदा. म्हणून बैठकीच्या दिवशी तिन्ही असतातच. कधी चुकणार नाही. दिवस जड नाही. आपणच तिन्ही एकावर एक रचलेत."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मला वाटायचं, माझीच कंबर वाईट."

"मलाही," दुसरी म्हणाली.

बाईंनी आईच्या टोपलीतल्या पामच्या बिया जमिनीवर ओळीनं मांडल्या. दर चौथीवर बाजार. बैठकीची बी उचलून त्यांनी शेजारच्या जागी सरकवली. "बैठक एक दिवस पुढं घ्या. मग ती आणि बाजार कधीच एका दिवशी येणार नाहीत."

मलाही शहाणपणा सुचला. "आणि खरंच पाच, नऊ, सतरा असते तर?"

"तर कितीही सरकवा, आज नाही उद्या गाठ पडलीच असती. त्यांच्यात सामाईक काही नव्हतं. यांच्यात चार आहे, म्हणून यांना वेगळं ठेवता येतं."

"नाही," हातगाडीतून आवाज आला.

सगळ्या वळल्या.

"तो दिवस माझ्या आईनं ठरवलाय. बाजारात सगळ्या जमलेल्या असतात म्हणून. माझ्या आईनं वाहिलं, मी वाहिलं. तुला एकतीस वर्षांत एकदाही वाहावं लागलं नाही, आणि आल्या आल्या तू भिंत काळी केलीस."

बाईंच्या हातातला कोळसा खाली आला. मला वाटलं, आता त्या तिथंच बसतील आणि परत उठणार नाहीत. पण त्या हातगाडीशी गेल्या, गुडघे टेकले.

"आई, तू कुठल्या दिवशी पडलीस?"

"तुला माहीत आहे."

"सांग."

"बैठकीच्या."

"कुठून येत होतीस?"

"ओकेआरोहून."

"एवढ्या घाईत?"

"तीनला बैठक नव्हती का? आणि पाचला गाळा..." म्हातारी थांबली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, आपल्या पद्धतीनं, उभ्या दिवसापासून. भिंतीवरच्या तिसऱ्या झाडाकडे तिनं पाहिलं, मग आपल्या फळ्या बांधलेल्या मांडीकडे.

"माझी आईही शेवटी कंबर धरूनच गेली," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "एक दिवस पुढं. एकच. दोन म्हणाल तर ऐकून घेणार नाही. आणि आता कोणीतरी मला तेल मोजू द्या, गिऱ्हाईक उभं आहे."

गुरुवारी बाई शाळेत होत्या. दोनला ओकेआरोला गेल्या, पाचला परतल्या. शुक्रवारी शाळेनंतर बैठक झाली, बायका बसून बोलल्या, उभ्यानं नाही. दोघीतिघी कुरकुरल्या की एक चक्कर वाढली. इया अता भिंतीकडे पाठ करून बसली.

बैठकीआधी बाईंनी सरांकडे नवा कागद नेला होता. गणवेश द्यायला मी तिथं असणं भागच होतं.

"आता किती दिवसांनी, बाई?"

"कधीच नाही, सर."

"शिक्क्याखाली आकडा लागतो."

"आकडा नाही."

सरांनी पेन उचललं, टेबलाखाली एकदा बोटं चालवली, जागा कोरी सोडली आणि शिक्का मारला. एकदाच.

शनिवारी ना शाळा, ना बाजार, ना बैठक. सोमवारपर्यंत काही नाही. सकाळी मी लग्नाचा अडतिसावा झगा मशीनखाली घातला आणि चाक फिरवलं. बाईंचं दार उघडलं. अंगाला आईचं जुनं कापड, पायात एकच चप्पल.

"सोसण्याचा नमस्कार, बाई!" मी ओरडलो. "आज तर राज्य आलं तुमचं! दोन दिवस मोकळे. काय करणार? इबादानला फिरायला? की माझ्यासाठी आमालाचे गोळे शिजवणार?"

बाईंनी माझ्या मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झोपणार," त्या म्हणाल्या. "आणि मी उठायच्या आत हे मशीन वाजलं, तर पुढचं झाड तुमच्या भिंतीवर काढीन."